शब्दसूचीतला पूर्णविराम

पिंपळे सौदागरला घरी बसून मी शोधप्रबंध तपासते. सध्या हाती आहे तो चाकणच्या कंत्राटी कामगारांवरचा. शेवटच्या शब्दसूचीत मी मन लावून रमते. देवनागरी शब्दाला चिकटून अपूर्णविराम दिला तर तो विसर्गासारखा दिसतो, म्हणून मी डॅश वापरते. यादी संगणकाच्या संकेतांकांनुसार लावली की 'ळ' थेट 'ल'च्या पाठोपाठ येतो आणि 'कळ' 'कवच'च्या आधी जाऊन बसते. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतरचा. असले क्रम मी हाताने लावते, कारण वाचणाऱ्याला शब्द जागच्या जागी सापडला पाहिजे.

पण एवढ्यावर माझं काम संपतं का, हे मी स्वतःला विचारते आहे. सूचीत दोन नोंदी आहेत. 'जिग – काम पक्कं धरून हत्याराला दिशा देणारं साधन.' 'ब्रेक – नोकरीतील तात्पुरता खंड.' दोन्हींना सारखा ठसा, सारखा डॅश, सारखा पूर्णविराम. त्यामुळे दोन्ही सारख्याच खात्रीच्या वाटतात. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की ती सलग वर्षाची सेवा धरली जाई. ते भरण्याआधी पोराला थांबवायचं, पुढे जमलं तर नव्या कागदावर घ्यायचं, याला या पट्ट्यात ब्रेक म्हणतात. 'तात्पुरता' हे मग कोणाचं म्हणणं? थांबवलेल्याचं तर नव्हेच. आशय संशोधकाचा, माझी फक्त विरामचिन्हं, असं म्हणून हात झटकता येतील. माझ्या मनाला ते पटत नाही. ज्या वाक्याला मी पूर्णविराम देते, त्याची थोडी जबाबदारी माझ्याकडे येतेच.

ही जबाबदारी निभावायला शब्दांची मांडणीही उपयोगी पडते. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाचे दहा वर्ग आहेत – दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे. शब्द आपापल्या व्यवहाराच्या शेजारी उभे आहेत. या सूचीतही भरती, पाळी, यंत्र, पगार असे गट करावेत, असं मी संशोधकाला कळवलं आहे. मग 'ब्रेक' 'ठेकेदार' आणि 'गेटपास'च्या सोबतीने येईल आणि त्याचा अर्थ झाकून ठेवणं अवघड जाईल. प्रत्येक व्याख्या कायद्यातली, ठेकेदाराची की कामगाराची, हेही नोंदीच्या शेवटी कंसात द्यावं.

प्रबंध लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती – सूची छापायला देण्याआधी ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांना ती एकदा वाचून दाखवा.