कागद नसलेल्यांचे ऋण

इतिहासकारांची प्रादेशिक परिषद भरली म्हणजे निबंध वाचले जातात, वाद झडतात, ठराव होतात आणि मंडळी आपापल्या गावी परततात. अशा मेळाव्याचा उपयोग काय, असे पुष्कळ जण विचारतात. आम्हांस मात्र निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी मागे कागद ठेवला नाही, त्यांचे ह्या विद्वत्सभेवर काही ऋण आहे काय?

भंडारा जिल्ह्यातील आंधळगावचे उदाहरण घ्या. हे गाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. ऐनाच्या झाडावर पोसलेल्या किड्याचा कोश, त्यातून काढलेला तंतू आणि मागावर विणलेले वस्त्र, एवढीच तेथल्या विणकराची बखर. ह्या प्रदेशावर वाकाटकांनी राज्य केले, पुढे नागपूरकर भोसल्यांनी केले. 1854 साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान देणारा राजा भेटतो, घेणारा ब्राह्मण भेटतो; शेतात राबणारा नावानिशी क्वचितच भेटतो. विणकराची गत तर त्याहून वाईट. तांबे टिकते, वस्त्र विरते.

राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि 1910 साली मेहेंदळ्यांसह पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. आधी अस्सल कागद, मग सिद्धान्त, ही शिस्त महाराष्ट्रास त्या पिढीने लावली. ती सोडावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु ‘पुरावा नाही’ आणि ‘घडले नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले बोलून दुसरे सुचविणे हा केवळ तर्कदोष नव्हे, तो अन्याय होय.

ह्याच्या उलट दुसरा अन्याय आहे, आणि प्रादेशिक परिषदेस त्याचाच मोह अधिक. समजा, एखाद्या विणकराने सांगितले की, आमचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारासाठी वस्त्रे विणीत. प्रांताभिमानी संशोधकाने ते सिद्ध इतिहास म्हणून छापले, की सभेत टाळ्या पडतील. पण त्या विणकरास काय मिळाले? खोटा दागिना. दयेपोटी केलेली भेसळ ही भेसळच.

मग मार्ग कोणता? पवनी ह्याच जिल्ह्यात आहे. तेथे 1969-70 साली उत्खनन झाले तेव्हा मातीखालून बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले, आणि शिलाखंडांवर दात्यांची नावेही मिळाली. ती नावे कोणी कल्पिली नाहीत. कुदळ आणि धीर ह्यांनी दिली. जेथे खणता येते तेथे खणावे. जेथे केवळ आठवण उरली आहे, तेथे ती कोणी, केव्हा सांगितली हे लिहून आठवण म्हणूनच जपावी.

आता कोणी म्हणेल, हे तर घरी बसूनही साधेल. आम्हांस तसे वाटत नाही. एकट्या अभ्यासकास आपल्या निष्कर्षाचा लळा लागतो. सभेत ती भूमी जाणणारा कोणी उठून ‘असे नव्हे’ म्हणतो, तेव्हाच तो लळा सुटतो. म्हणून आंधळगावच्या मागांविषयी निबंध वाचला जाईल, त्या दिवशी मागावर बसणाऱ्यासही सभेत आसन द्यावे. सत्कारासाठी नव्हे, चूक दाखविण्यासाठी. त्याने चूक दाखविली आणि सभेने ती नोंदविली, तर ऋणाचा पहिला हप्ता फिटला असे आम्ही समजू.