निर्दोष आणि न्याय्य

ज्या पुण्यांत १९९१ सालीं सी-डॅकनें 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, त्याच पुण्यांत आम्ही पन्नाशीनंतर 'सी' या संगणकभाषेचीं मुळाक्षरें गिरवूं लागलों. येथें लिहिलेला मजकूर कंपायलर नांवाचा दुभाष्या यंत्राच्या भाषेंत उतरवितो. एक अर्धविराम राहिला तरी तो सारा लेख परत करतो. जन्मभर तांबड्या शाईनें इतरांच्या चुका दाखविणाऱ्या आम्हांस ही शिस्त प्रथम जड गेली.

अखेर एके दिवशीं त्यानें आमचा लेख निमूटपणें स्वीकारला. आम्ही एका काल्पनिक विद्यार्थ्याच्या ३४ व ३५ या गुणांची सरासरी मागितली. उत्तर आलें ३४! दोन पूर्णांकांच्या भागाकारांत 'सी' अपूर्णांक टाकून देते. साडेचौतीसांस पस्तीस धरणाऱ्या आमच्या रिवाजानें तो विद्यार्थी उत्तीर्ण होता. आमच्या शुद्ध लेखानें त्यास अनुत्तीर्ण ठरविलें. दुभाष्यानें आमचें व्याकरण तपासलें होतें. आमचा हेतु त्यास कळणार कसा?

नियमांत सांपडलों नाहीं म्हणजे आपण निर्दोष, अशी समजूत आपण संसारांतही बाळगतों. परंतु कोणाचा अर्धा गुण बुडाला, हें पाहण्याचें काम दुभाष्याचें नव्हे. तें लिहिणाऱ्याचेंच आहे.