अण्णांचा कॉम्प्युटर नेमका कोणता?

पगार एक तारखेला येतो आणि पाच तारखेला जातो. हौस मात्र वीस तारखेच्या सुमारास जागी होते. या दोघांची गाठ घालून देण्याचा जो एकमेव मार्ग मध्यमवर्गाला सापडला आहे, त्याचं नाव 'थोडं थोडं'. थोडं थोडं सोनं, थोडं थोडं फर्निचर, यंदा स्वयंपाकघराच्या टाइल्स, पुढच्या दिवाळीला बाथरूमच्या. श्रीमंत माणूस वस्तू विकत घेतो. आपण ती वाढवतो, मुलासारखी. आमच्या बोरिवलीच्या घरात गेली दहा वर्षं असा एक कॉम्प्युटर वाढतो आहे.

तो गेमिंग कॉम्प्युटर आहे. गेमिंग कॉम्प्युटर म्हणजे जो घरात अभ्यासाच्या नावाखाली शिरतो तो. २०१४ साली आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक मुदत ठेव मोडण्याऐवजी चक्क पिकू दिली आणि त्यातून सत्तावीस हजार रुपये काढून नातवाला हा कॉम्प्युटर घेऊन दिला. चिरंजीव तेव्हा पाचवीत होते. इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि एक काळा पत्र्याचा डबा, ज्याला कॅबिनेट म्हणतात. (मंत्रिमंडळालाही कॅबिनेटच म्हणतात. आतला आवाज मोठा आणि काम सावकाश, हे साम्य मला नंतर कळलं.) अण्णांनी त्या वर्षीच्या खंडेनवमीला कॅबिनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं. ते अजून आहे. त्या कॉम्प्युटरवर अण्णा सोसायटीचे ठराव आणि महापालिकेला लिहायची पत्रं टाइप करत, आणि दुपारी सगळे झोपले की पत्ते खेळत.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण चिरंजीव सातवीत गेले आणि त्यांच्या एका मित्राकडे जीटीए फाइव्ह नावाचा खेळ आला. हा मोटारी पळवण्याचा खेळ आहे. त्याला सुरुवातीला पासष्ट जीबी जागा लागायची. पळवलेल्या मोटारी ठेवायला लागत असावी. अण्णांच्या कॉम्प्युटरवर त्यातली मोटार अशी चालायची की पायी चालणारा पोलीसही तिला गाठेल. "बाबा, ग्राफिक्स कार्ड पाहिजे." आणि मी लॅमिंग्टन रोडला गेलो.

ज्यांनी लॅमिंग्टन रोड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं. बोरिवलीहून फास्ट गाडी तिथं थांबत नाही, त्यामुळे दादरला स्लो पकडायची. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचं नाव पुसून रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव दिलं त्याला जमाना लोटला, पण टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग म्हटलंत तर तो तुम्हाला परगावचे समजतो. पाटी बदलली म्हणून रस्ता बदलत नाही, हा पहिला धडा तिथंच मिळतो. याच रस्त्यावर मिनर्व्हाला 'शोले' पाच वर्षं चालला होता. मिनर्व्हा आता नाही. आजूबाजूच्या दुकानांतून मात्र रॅम, एसएमपीएस आणि मदरबोर्ड भाजीसारखे विकले जातात, आणि भावही भाजीसारखाच सकाळ-संध्याकाळ बदलतो. मी साडेनऊ हजारांचं कार्ड घेतलं आणि डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याशेजारी ठेवून घरी आणलं.

इथून जे सुरू झालं त्याला कॉम्प्युटरवाले 'बॉटलनेक' म्हणतात. कॉम्प्युटरचा वेग त्याच्यातल्या सगळ्यात मंद भागाएवढा असतो. तुम्ही एक भाग चांगला घातलात की दुसरा भाग, जो कालपर्यंत निमूटपणे काम करत होता, तो एकदम वाईट ठरतो. कार्ड आलं आणि रॅम कमी पडली; रॅम आली आणि हार्ड डिस्क मंद वाटू लागली; एसएसडी आली आणि आय-थ्रीचा श्वास फुलला. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डात बसत नाही. नव्या मदरबोर्डात जुनी रॅम बसत नाही, कारण डीडीआर-थ्रीची खाच एका जागी आणि डीडीआर-फोरची दुसऱ्या. अशी तिहेरी सोयरीक २०२० साली एकदमच जुळवावी लागली, अठरा हजारांत. लोकल तेव्हा आम जनतेला बंद आणि आम्हा बँकवाल्यांना चालू होती. या सवलतीचा मी घेतलेला एकमेव वैयक्तिक लाभ तो. पुढं कोणीतरी वापरलेलं मोठं कार्ड साडेसात हजारांत मिळालं, तर ते जुन्या एसएमपीएसला झेपेना. म्हणून तोही नवा.

दिदेरो नावाच्या फ्रेंच लेखकानं अठराव्या शतकात यावर एक सुंदर लेख लिहून ठेवला आहे. त्याला कोणीतरी नवा झोकदार झगा भेट दिला. तो अंगावर घालून बसल्यावर त्याला आपलं टेबल भिकार दिसू लागलं, मग खुर्ची, मग भिंतीवरची चित्रं. एकेक करत सगळं बदललं आणि गृहस्थ जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. जुन्या झग्याचा मी मालक होतो, नव्याचा गुलाम झालो, असं त्याचं म्हणणं. त्या वेळी लॅमिंग्टन रोड नव्हता तरी हे त्याला कळलं, याचं मला कौतुक वाटतं.

आमच्या सौ.ला दिदेरो माहीत नाही, पण बेरीज येते. एका रविवारी तिनं पंख्याखाली बसून हिशेब मांडला. जुना प्रोसेसर विकून आलेले तीन हजार वजा जाता, दहा वर्षांत पन्नास हजार दोनशे पन्नास रुपये.

"एकदम पन्नास हजार मागितले असते तर तुम्ही दिले असतेत?"

"छे!"

"मग हे फसवणंच नाही का झालं? हप्त्याहप्त्यानं?"

प्रश्न साधा नाही. दर वेळी चिरंजीवांनी रीतसर परवानगी मागितली, दर वेळी मी रीतसर घासाघीस करून ती दिली. प्रत्येक होकार खरा होता. पण ज्याला आपण एकदाही होकार दिला नाही अशी गोष्ट, लहान लहान होकारांची बेरीज होऊन समोर उभी राहते. माणसाचं वजन असंच वाढतं आणि व्यसनही असंच लागतं. पण संसारही असाच होतो आणि भाषाही अशीच येते. माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे की यात फसवणूक नाही. एकदम नवा घेतला असता तर तो दुसऱ्या दिवसापासून जुना व्हायलाच लागला असता, आणि कर्जाचा हप्ता मध्येच थांबवता येत नाही. थोडं थोडं घेणाऱ्याला कुठल्याही पायरीवर बसकण मारता येते. महिन्याला चारशे एकोणीस रुपये पडले. बसकण मारण्याच्या स्वातंत्र्याचं हे भाडं मला जड वाटत नाही. सौ.ला वाटतं. असो.

खरा घोटाळा पैशाचा नाहीच. तो झाला गेल्या वर्षी-दोन वर्षांत, आणि तो माझी धाकटी बहीण आणि मी यांच्यात आहे.

आमच्याकडून निघालेला एकही भाग टाकला गेला नव्हता. माळ्यावर खोक्यात सगळे ओळीनं निजले होते. २०२४ साली मुलुंडच्या भाचीला अकरावी कॉमर्ससाठी कॉम्प्युटर हवा होता. चिरंजीवांनी खोकं उतरवलं, हार्ड डिस्कवरचं सगळं उतरवून घेऊन तीही जोडीला दिली, आणि अठराशे रुपयांच्या नव्या कॅबिनेटमध्ये जुना मदरबोर्ड, तोच आय-थ्री, तीच रॅम, तोच एसएमपीएस असा अख्खा संसार मांडून दिला. मुलुंडला तो सुरू झाला तेव्हा पडद्यावर 'अण्णा' नावाचं फोल्डर उघडलं. बहिणीचा फोन आला, आवाज भरलेला. "दादा, अण्णांचा कॉम्प्युटर शेवटी माझ्याकडे आला बरं का!"

चिरंजीव ऐकत होते. ते स्वस्तिकावर हात ठेवून म्हणाले, "अण्णांचा कॉम्प्युटर हा आहे."

या भांडणाला दोन हजार वर्षांची परंपरा आहे. अथेन्सच्या लोकांनी थिसिअसचं जहाज जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी घालायची. प्लुटार्क लिहितो की हे जहाज तेच की दुसरं, यावर तत्त्वज्ञ वाद घालत. १६५५ साली हॉब्स या इंग्रजानं त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून तशाच क्रमानं जोडल्या तर? दोन्ही तेच जहाज कसं? हॉब्सला मुलुंड ठाऊक नव्हतं, पण प्रश्न मुलुंडचाच होता. आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेनानं विचारलं होतं, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा नाही नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की रथ हे या सगळ्याला मिळून दिलेलं नुसतं नाव. राजानं हे मानलं, कारण रथ त्याच्या वडिलांनी मुदत ठेवीतून घेतलेला नव्हता.

मी कॉमर्सचा माणूस. मला वाटलं, तत्त्वज्ञांना जमलं नाही ते प्राप्तिकर कायद्याला जमलं असेल. कारण दुरुस्ती कुठं संपते आणि नवी वस्तू कुठं सुरू होते यावर तिथं खरे पैसे अवलंबून असतात. १९५६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यू शोरॉक गिरणीच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश छागला यांनी कसोटी घालून दिली: आहे ती मालमत्ता टिकवण्यासाठी केलेला खर्च ती दुरुस्ती, नवी मालमत्ता किंवा नवा फायदा आणणारा खर्च ती दुरुस्ती नव्हे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं एका थिएटरच्या बाबतीत हीच कसोटी लावली. यंत्रं नवी, खुर्च्या नव्या, वायरिंग नवं, इमारतीचं मोठं काम. ही दुरुस्ती नव्हे म्हणाले. म्हणजे छागलासाहेबांच्या न्यायानं चिरंजीव हरले. पण घसाऱ्याकडे पाहिलं तर तिसरंच. १९८८-८९ च्या आकारणी वर्षापासून कायद्यानं मालमत्तांचा 'ब्लॉक' केला. त्यात नवी वस्तू मिसळते, जुनी निघून जाते, आणि स्वतंत्र ओळख कोणालाच उरत नाही. नागसेन आयकर खात्यात नोकरीला लागला असावा. आजच्या चाळीस टक्के दरानं अण्णांच्या सत्तावीस हजारांचा हिशेब केला तर दहा वर्षांनी एकशे त्रेसष्ट रुपये उरतात. शून्य कधीच होत नाही. हे मात्र मला आवडलं.

सगळ्यात ठाम उत्तर मायक्रोसॉफ्टचं. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या विंडोजचा त्यांचा नियम असा, की बिघाड नसताना मदरबोर्ड बदललात तर तो नवा कॉम्प्युटर झाला. बाकी काहीही बदला. आई बदलली की मूल बदललं. या न्यायानं अण्णांचा कॉम्प्युटर मुलुंडला. बहीण खूश. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याच कंपनीनं विंडोज टेनचा सांभाळ थांबवला, आणि अण्णांचा आय-थ्री विंडोज इलेव्हनच्या पंक्तीला बसत नाही. मग चिरंजीवांनी जाऊन तिथं लिनक्स घातलं. गीतेत आत्मा तोच राहतो आणि देह वस्त्रासारखे बदलतात. आमच्याकडे बोरिवलीला वस्त्र तेच, देह बदलला. मुलुंडला देह तोच, आत्मा बदलला.

आणि फोल्डर? ते दोन्हीकडे आहे. सही, शिक्का, 'मूळ प्रतीवरून पडताळली' असं लिहायला मी तयार आहे, पण मूळ प्रत कुठली हे ठरवल्याशिवाय शिक्का कसा मारणार? त्यातलं शेवटचं पत्र गटाराच्या झाकणाबद्दल आहे, २०२१ सालचं. त्यानंतर अण्णा गेले. ते पत्र त्यांनी नव्या मदरबोर्डावर टाइप केलं होतं, हे चिरंजीवांचं हुकमाचं पान. आदल्या वर्षी बोर्ड बदलताना अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. जुना बोर्ड बाहेर आला तेव्हा मी विचारलं होतं, "अण्णा, तुमचा आता काय राहिला यात?" अण्णा म्हणाले, "पत्ते आहेत ना त्यात? मग झालं."

सध्या बढती थांबली आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. जगातल्या कृत्रिम बुद्धीच्या कारखान्यांनी सगळी रॅम उचलली, त्यामुळे आमच्या नैसर्गिक बुद्धीला वाट पाहावी लागते आहे. दरम्यान बहिणीनं तोडगा सुचवला: स्वस्तिकाचा तेवढा पत्रा तिला द्यावा, त्या बदल्यात ती हार्ड डिस्क परत करील. सौ.ला हे एकदम पटलं. वन्सं पहिल्यांदाच रास्त बोलल्या म्हणाली. चिरंजीव टेप घेऊन मुलुंडला गेले, दोन्ही कॅबिनेटची मापं घेतली, आणि रात्री परत येऊन म्हणाले, स्क्रूची भोकं जुळत नाहीत.