सुई, शेक आणि काढा

१८२२ साली चीनच्या दाओग्वांग बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतला सुई आणि शेक यांचा विभाग कायमचा बंद केला. सम्राटाच्या देहाला सुई टोचणे आणि विस्तव लावणे उचित नव्हे, हे कारण. दरबारात नाडीपरीक्षा उरली, काढे उरले. सुई बरीचशी फिरत्या वैद्यांच्या हाती गेली. आज चिनी वैद्यक म्हटले की पहिल्यांदा आठवते ती हीच दरबाराबाहेर काढलेली सुई, आणि जाहिरातीत तिच्या मागे ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ असे शब्द असतात. ही परंपरा जुनी आहे यात वाद नाही. ‘अखंड’ मात्र म्हणवत नाही.

हूनान प्रांतातल्या मावांगदुई इथे १९७३ मध्ये एका थडग्यातून रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ निघाले. थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेले. त्या ग्रंथांत शरीरातल्या वाहिन्यांची वर्णने आहेत, औषधी पाठ आहेत, शेक देण्याच्या जागा आहेत. सुईने उपचार मात्र नाही. सुईचे सविस्तर शास्त्र दिसते ते नंतर संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’मध्ये. म्हणजे चिनी वैद्याच्या हाती आधी विस्तव आला असावा, मग सुई.

त्या शेकाचे द्रव्य म्हणजे ‘आय’ नावाच्या वनस्पतीची पाने. ती वाळवतात, कुटून कापसासारखी मऊ करतात, कागदात वळून जाड विडी करतात आणि पेटलेले टोक त्वचेजवळ धरतात. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा याच आर्टेमिसिया वंशातला. पूर्वी त्या पानांच्या गोळ्या थेट कातडीवर ठेवून जाळत आणि फोड येऊ देत. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर डागण्या दिल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला त्याबद्दल फार कौतुक वाटायचे कारण नाही. चिनी वैद्य लावतात तशा तुंबड्या आपल्या वैदूंनीही लावल्या आहेत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या पाठीवर त्यांचे जांभळे वण दिसले आणि जगाला नव्याने कुतूहल वाटले, इतकेच. एखाद्या वस्तूच्या कडेने कातडी घासण्याचा ‘ग्वा शा’ आणि दाबून-चोळून करायचा ‘तुइना’ यांनी आखडलेल्या अंगाला बरे वाटते. मालिशने वाटतेच. त्यासाठी ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीचा हवाला देण्याची गरज मला दिसत नाही.

या सगळ्या पद्धती आज एका गाठोड्यात दिसतात, पण ते बांधले गेले विसाव्या शतकात. १९२९ मध्ये चीनमध्येच जुने वैद्यक मोडीत काढण्याचा सरकारी प्रस्ताव आला होता. वैद्यांनी शांघायमध्ये एकजूट करून तो हाणून पाडला. लू शुनसारख्या लेखकाने तर वडिलांच्या आजारपणात वैद्यांनी मागितलेल्या चमत्कारिक अनुपानांची कडवट आठवण लिहून ठेवली आहे. सुईचे रूपही याच काळात पालटले. छंग दान-आन या वैद्याने बारीक सुयांचा आग्रह धरला आणि टोचण्याच्या जागा रक्तवाहिन्यांपासून दूर सरकवल्या. १९४९ नंतरच्या सरकारपुढे प्रचंड लोकसंख्या होती आणि आधुनिक डॉक्टर मूठभर. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि छंगदू इथे चिनी वैद्यकाची महाविद्यालये निघाली, पाठ्यपुस्तके झाली, परस्परविरोधी संप्रदायांना एकच सिद्धांत मिळाला. माओंनी या वैद्यकाला मोठा खजिना म्हटले. स्वतः मात्र ते त्यावर विश्वास ठेवत नसत, असे त्यांचे डॉक्टर ली झिसुई यांनी आठवणींत लिहिले आहे.

म्हणूनच ‘चिनी वैद्यक खरे की खोटे’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. प्रत्येक उपचाराचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

सुईचाच मांडू. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन यांच्या अपेंडिक्सची बीजिंगमध्ये शस्त्रक्रिया झाली. सुया टोचून, भूल न देता ती झाली अशी दंतकथा अजून फिरते. रेस्टन यांनी स्वतः लिहिले ते वेगळे: भुलीची नेहमीची इंजेक्शने दिली होती, सुया आणि शेक आले नंतर, पोटातल्या अस्वस्थतेवर, आणि त्यांना आराम पडला. दंतकथेपेक्षा हे साधे वर्णनच पुढच्या संशोधनाशी जुळते. २००७ मध्ये जर्मनीत पाठदुखीच्या ११६२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त जागी सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फायदा झाला होता, मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि औषधे-व्यायाम यांवर ठेवलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. सुईवाले पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवतात, टीकाकार पहिल्या दोनांवर. दोघांचेही बरोबर आहे. टोचल्याने पाठदुखीला उतार पडतो. कुठे टोचले याने जवळपास फरक पडत नाही. मग वाहिन्यांच्या त्या सुबक नकाशाचे करायचे काय?

काढ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, कारण तिथे खरी द्रव्ये आहेत. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या मलेरियावर उपाय शोधायला चीनने ‘प्रकल्प ५२३’ सुरू केला. तू योयो यांच्या गटाला छिंगहाव या वनस्पतीचे परिणाम कधी दिसत, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गं होंगच्या ग्रंथात त्यांना कृती सापडली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण जात असावा, हे त्यांनी ताडले. कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ च्या ऑक्टोबरात उंदरांच्या मलेरियावर तो पूर्ण लागू पडला. पुढे आर्टेमिसिनिन आले, २०१५ चे नोबेल आले. यात चिनी वैद्यकाचा विजय आहेच, पण तो वैद्यांच्या नित्याच्या काढ्याचा नव्हे. सोमलाचेही तसेच. हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका लोकऔषधातला सोमल, पारा आणि बेडकाचे विष वेगवेगळे तपासले. त्यातला सोमल आज एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर प्रमाणित औषध आहे.

उलट बाजू बेल्जियमची. १९९० च्या सुमारास तिथे वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभरहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. फांगजी या वनस्पतीऐवजी जवळपास त्याच नावाची दुसरी वनस्पती, ॲरिस्टोलोकिया, गोळ्यांत गेली होती. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसंद, याच वंशातली. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत माहीत करून घ्यावी, मग तो चिनी वैद्य असो की आपला.

आपला या सगळ्याशी जुना संबंध आहे. १९३८ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेले डॉ. बिजय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा तिकडे गेले, सुई शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात आणली. स्वतः कोटणीस शल्यविशारद. तरी त्यांच्या नावाने लुधियानात ॲक्युपंक्चरचे रुग्णालय चालते. महाराष्ट्राने तर ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदाच केला आहे. कायद्याने वैद्याची नोंद होते. उपचाराचा गुण सिद्ध होत नाही.

तेव्हा जुन्या पाठदुखीसाठी सुया टोचून घ्यायच्या असतील तर खुशाल घ्या, फक्त एकदाच वापरायच्या सुईचे पाकीट समोर फोडायला सांगा. मधुमेह किंवा कर्करोग सुईने बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परता. आणि काढ्याची पुडी मिळाली तर तिच्यातल्या प्रत्येक वनस्पतीचे नाव लिहून मागा, ते आपल्या डॉक्टरांना दाखवा. नावे द्यायला कोणी कां-कूं करत असेल, तर पुडी तिथेच ठेवून या.