वाटणीतले देणे

मूळ धंद्यातून वेगळी काढलेली कंपनी आणि गाजलेल्या मालिकेतील एखाद्या पात्राला घेऊन रचलेली दुसरी मालिका, या दोहोंनाही आज स्पिन-ऑफ हे एकच नाव दिले जाते. आणि दोहोंच्या जन्मामागील हेतूही बहुधा एकच असतो, तो म्हणजे मुळाने वर्षानुवर्षे खपून मिळवलेली पत नव्या खात्यावर आयती जमा व्हावी. वडिलोपार्जित मिळकतीवर संसार थाटणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु अशा शाखेची परीक्षा करताना तिने मुळाकडून काय उचलले एवढेच आपण पाहतो. तिने कोणते देणे आपल्या शिरावर घेतले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र दप्तरी दाखलच होत नाही.

या बाबतीत कायदा रसिकांहून सावध म्हटला पाहिजे. १९६१ च्या आयकर कायद्याने कंपनीच्या विभाजनाची जी व्याख्या केली, तिच्यात वेगळ्या होणाऱ्या उपक्रमाची सर्व मालमत्ता नव्या कंपनीकडे जावी या अटीच्या जोडीलाच, त्या उपक्रमाशी निगडित सर्व देणीही तिच्याचकडे गेली पाहिजेत, अशी अट घातली. २००८ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोची विभागणी होऊन वाहननिर्मिती एकीकडे आणि विमा व वित्तपुरवठ्याचा कारभार बजाज फिनसर्व्हकडे गेला, तेव्हा जुन्या भागधारकांना नव्या कंपन्यांचे भाग मिळाले. मालकीचा धागा तुटला नाही. मात्र यापुढे प्रत्येकीला आपल्या नफ्यातोट्याचा जाब स्वतःच देणे प्राप्त झाले.

कलेच्या प्रांतात असा कायदा नाही, म्हणून तेथे बेजबाबदार वारसांची संख्या मोठी. अमेरिकेत १९९३ मध्ये ‘चिअर्स’ ही मद्यगृहातील मित्रमंडळाची मालिका संपली आणि तिच्यातील फ्रेजर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाला बोस्टनहून सिअ‍ॅटलला नेऊन त्याच्याच नावाची मालिका त्याच वर्षी सुरू झाली. ‘आपले वडील हयात नाहीत’ असे या गृहस्थाने जुन्या मालिकेत सांगितले होते, आणि नव्या मालिकेत तर त्याचे वडील, एक निवृत्त पोलीस, त्याच्याच घरी राहावयास येतात. ही विसंगती गुपचूप गिळून टाकणे लेखकांना अशक्य नव्हते. परंतु त्यांनी बोस्टनच्या जुन्या मित्रालाच पाहुणा म्हणून आणले, त्याच्या तोंडून ती उघड करविली, आणि भांडणाच्या रागात आपण तसे बोललो, अशी कबुली फ्रेजरकडून घेतली. जे मुळातील निव्वळ लटके विधान होते, ते पितापुत्रांमधील दुराव्याचा पुरावा ठरले. ही मालिका अकरा हंगाम चालली. उलट ‘फ्रेंड्स’मधून निघालेली ‘जोई’ नायकाला बहीण आणि भाचा देऊनही २००४ ते २००६ एवढीच टिकली. कारण जोईचे भोळेपण तिने सोबत आणले, पण ज्या स्नेह्यांच्या संगतीत त्या भोळेपणाला अर्थ होता त्यांची उणीव कशाने भरून काढावयाची, याचा विचार तिने केला नाही.

हीच कसोटी आपल्या परंपरेतील सर्वांत विख्यात शाखेला, कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकाला, लावून पाहावी. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला आपल्या पुत्रासह दरबारात येते, तेव्हा दुष्यंताला सर्व काही आठवत असते आणि तरीही तो तिला ओळख देत नाही. ती त्याला सत्याविषयी आणि पुत्राविषयी खडसावून सुनावते. अखेरीस आकाशवाणी होते, आणि राजा सांगतो की आपल्याला ठाऊक होतेच, केवळ लोकांच्या मनात संशय राहू नये म्हणून आपण गप्प राहिलो. प्रजेच्या भीतीने निरपराध स्त्रीला भर सभेत जो अपमान सोसावा लागला, त्याची भरपाई कोणी करावयाची, हे देणे मूळ कथेने थकीत ठेवले. कालिदासाने ते ओळखले. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी ही त्याची योजना केवळ चमत्कृतीसाठी नाही. तिच्यामुळे राजाला पश्चात्तापाचा एक संपूर्ण अंक भोगावा लागतो आणि शेवटी शकुंतलेच्या पायाशी लवावे लागते.

तथापि हिशेब पुरता जुळत नाही. शापामुळे राजाची लबाडी विस्मृती ठरते, म्हणजे अपराध्याला अर्धी सूट मिळते. आणि दरबारात युक्तिवाद करणाऱ्या शकुंतलेचे धारदार भाषण पुष्कळ मवाळ होते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ संगीत रंगभूमीवर आणले तेव्हा मराठी प्रेक्षकांसमोर आली तीही ही कालिदासाचीच नायिका; आदिपर्वातील मानी स्त्री आपल्या रसिकमनात जवळजवळ बेदखल झाली.

यावरून कालिदासाचे मोठेपण कमी होत नाही; एवढेच दिसते की श्रेष्ठ शाखाही मुळाचे सारे ऋण फेडू शकत नाही, आणि जे फिटले नाही त्यावर पुढच्या लेखकाचा दावा मुदतबाह्य ठरत नाही. अट मात्र तीच राहते. केवळ शकुंतलेच्या नावावर तिकिटे खपवावयाची असतील, तर ती उचल झाली. राजा जाणूनबुजून गप्प राहिला, या उघड्या गोष्टीला शापाचा आडोसा न घेता सामोरे जाण्याची तयारी असेल, तरच त्या लेखकाला वारस म्हणावे.