किती घासावे?

लाकूड घासणाऱ्याला कोठे थांबावे हे कळावे लागते. आम्हा कोल्हापूरकरांच्या शेजारी, मिरजेत, हे पिढ्यान्‌पिढ्या कळत आले आहे. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांनी सतार घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

दांडी, तबली तासून गुळगुळीत करतात. पण खरी कसोटी जवारीची. घोडीचा माथा कानसीने किंचित बाकदार करायचा आणि मध्येमध्ये तार छेडून ऐकायचे. एक हात जादा फिरला की स्वर बिघडतो, आणि गेलेला कण परत बसत नाही.

आपण समाजही असाच घासत असतो. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध सात महिलांचा मोर्चा नेला. ते टोचणारे टोक तासायलाच हवे होते. मात्र आमची बोली, आमची नावे, आमचे ताट यांवरही कोणी कानस धरली, तर तिला सुधारणा कसे म्हणावे? ज्याला घासतो त्याचा सूर आधी ऐकावा, मगच पुढचा हात फिरवावा, असे आम्हांला वाटते.