बघून झालंय

पिंपळगाव बसवंतच्या शिवारात माणूस गावापेक्षा मळ्यात जास्त राहतो. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्याला टोलनाका दिसतो, बाजार समितीकडे वळणारी कांद्याची पिकअप वाहनं दिसतात, पण खरी वस्ती आत विखुरलेली असते. ज्याची जमीन जिथं, त्याचं घर तिथं. घराला लागून गोठा, कांदाचाळ, ट्रॅक्टरची शेड, औषधांची खोली, विहीर, शेततळं. पुढचं घर चार-पाच एकर बाग किंवा ऊस ओलांडल्यावर. दिवसा हे सगळं हिरवंगार आणि भरल्या घरासारखं वाटतं. रात्री तिथं एखादं लेकरू हरवलं, तर शोधायच्या जागा मोजतानाच छाती दडपते.

जानेवारीतली गोष्ट. तात्यांच्या बागेत द्राक्षाचे मणी फुगायला लागले होते. सुरगाण्याकडची एक टोळी गोडी छाटणीला आली होती, ती डिपिंग, विरळणी असं एकामागून एक काम करत तिथंच राहिली होती. पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या डोंगराकडून अशा टोळ्या दर हंगामात निफाड तालुक्यात उतरतात. नाशिकचं द्राक्ष युरोपात जातं ते त्यांच्या बोटांवरून. बागेच्या कडेला पत्र्याच्या चार खोल्या होत्या, त्यात टोळीची बिऱ्हाडं. त्यातल्याच एकीची पाच वर्षांची मुलगी संध्याकाळी दिसेनाशी झाली.

आई भाकऱ्या थापत होती. तिला वाटलं पोर शेजारच्या खोलीत आहे, आणि शेजारणीला वाटलं आईजवळ आहे. सात वाजता दोघी समोरासमोर आल्या तेव्हा कळलं. मुकादम म्हणाला, "येईल, कुठं जातीय? आणि चोवीस तास झाल्याबिगर पोलीस कागद करत न्हाईत." हा गैरसमज अजून गावोगाव आहे आणि तो घातक आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 10 मे 2013 रोजी सांगून टाकलं आहे, की लहान मूल हरवल्याची तक्रार आली की ती गुन्हा म्हणूनच नोंदवायची, अपहरण समजूनच तपास सुरू करायचा. एक मिनिटही थांबायचं कारण नाही.

आईला हे काही माहीत नव्हतं. पण ती मुकादमाचं ऐकून बसली नाही, अनवाणी बंगल्यावर गेली. तात्या जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं आणि हात धुवायच्या आधी 112 ला फोन लावला. पुढं जे घडलं ते सांगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. तात्या मनानं वाईट नव्हते. ज्याच्या मळ्यात आपलं लेकरू हरवावं असं कुणी म्हणणार नाही, पण हरवलंच तर ज्याच्या दारात जावं असा तो माणूस.

साडेआठला ग्राम सुरक्षा यंत्रणेचा संदेश सुटला. एकाच वेळी सगळ्या मळ्यांतले फोन वाजले आणि प्रत्येकाच्या कानात तोच आवाज: पाच वर्षांची मुलगी, अंगात लाल स्वेटर, आपापल्या परिसरात शोध घ्यावा. तासाभरात पन्नास-साठ माणसं जमली. कुणी मोटारसायकलवर, कुणी जीप घेऊन. पिंपळगाव पोलीस ठाण्याची गाडी आली. शेजारच्या लहान गावची पोलीस पाटीलही आली. मध्यम वयाची बाई, डोक्याला मफलर, हातात शाळकरी वही. सगळे तिला पाटीलताई म्हणत.

आधी शेततळी बघितली. त्याला कारण आहे. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, उतार ओला झाला की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. पडलेलं लेकरू वर येऊच शकत नाही. पाण्यात बॅटऱ्या मारल्या, गळ टाकले, काही लागलं नाही. तात्या काठावर उभे होते. तीस बाय तीसचं, तीन मीटर खोल तळं, म्हणजे वीस-बावीस लाख लिटर पाणी. उन्हाळ्यापर्यंत बाग त्याच्यावर जगायची. तात्या म्हणाले, "मोटारी लावा. तळं खाली करा."

लोक बघत राहिले. थोरला मुलगा म्हणाला, "तात्या, मार्चपर्यंत..."

"मी काय म्हणतोय? लावा मोटारी."

त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीची होती, म्हणून मोटारी लगेच चालल्या. पाणी शेजारच्या गव्हात सोडलं. माणसं तोंडावर बोलली नाहीत, पण त्या रात्री तात्या सगळ्यांच्या नजरेत हातभर उंच झाले.

मग शोध शिवारभर पसरला. उसाकडे जायला लोक बिचकत होते. निफाडच्या उसात बिबट्याचं आता कुणाला नवल उरलेलं नाही. बांधावर एक ठसा दिसला आणि दहा जण एकदम बोलायला लागले. वनखात्याच्या माणसानं वाकून बघितलं. ठशात नखांच्या खुणा होत्या. तो म्हणाला, "कुत्र्याचा आहे. बिबट्या चालताना नखं आत घेतो." तेवढ्यानं जरा धीर आला, पण अर्धा तास गेला होता. पाराशरीचं पात्र बघितलं, पाटाची चारी बघितली, महामार्गावरच्या दोन ढाब्यांवर फोटो दाखवला. एकेक मळा मागं पडत होता आणि प्रत्येक मळ्याच्या फाटकात तोच शब्द ऐकू येत होता: "आमच्याकडं बघून झालंय."

पाटीलताई हे सगळं वहीत लिहीत होती. मळा, जागा, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात बघणाऱ्याचं नाव. रात्री एक वाजता ती तात्यांच्या ओट्यावर बसली आणि वही वाचायला लागली. पंचेचाळीस जागांपुढं 'बघितलं' असं होतं. नावाचा रकाना मात्र निम्म्या जागांपुढं कोरा होता.

इथं थोडं थांबून मुंबईतल्या एका पोलिसाबद्दल सांगावंसं वाटतं. अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले. 2008 ते 2015 या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून 166 मुली हरवल्या होत्या. त्यातल्या 165 सापडल्या. उरलेली एक जानेवारी 2013 मध्ये शाळेत जाताना गेली होती, सात वर्षांची. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा फोटो त्यांनी खिशातून काढला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये ती सापडली, सोळा वर्षांची होऊन. तेव्हा ती आईच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहत होती. आपण त्यांच्या चिकाटीचं कौतुक करतो ते योग्यच आहे. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची नोंद. 165 वर रेघ मारून काम संपलं म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. त्यांनी एकशे सहासष्टावी जागा उघडी ठेवली.

पाटीलताईनं भोसल्यांचं नाव ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक. तिनं तात्यांना हाक मारली. "तात्या, तुमच्या मळ्यातल्या सगळ्या जागा कुणी बघितल्या? नावं सांगा."

तात्या थकले होते. "अहो ताई, माझ्या मळ्यातली काय काळजी? सगळ्यात आधी तेच बघून झालंय. तळं उपसतोय मी."

"तळं दिसतंय मला. कांदाचाळ कुणी बघितली?"

"गड्यानं."

गड्याला बोलावलं. तो म्हणाला, "मी गोठा बघितला. चाळीकडं मुकादम गेलता."

मुकादम म्हणाला, "चाळीला कुलूप होतं. कुलपाच्या आत पोर कशी जाईल? मी तसाच फिरलो."

धाकटा मुलगा पुढं झाला. "मी बॅटरी मारली ना बाहेरून. चाळ काय, आरपार दिसते. रिकामीच आहे."

"जवळ गेलास?"

तो घुटमळला. "कुत्री गुरगुरत होती. व्यालीय ती."

कांदाचाळ ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात भरतात, तो दिवाळीच्या आसपास संपतो. जानेवारीत चाळी रिकाम्या असतात. भिंती फटीफटींच्या, वारा खेळावा म्हणून. त्याच कारणासाठी चाळीचा तळही जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो. खाली अंधारी पोकळी. तिथं फाटकं बारदान जातं, ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी जातात, सुकलेली पात साठते. वरून बॅटरी मारली की चाळ खरोखरच आरपार दिसते. खाली बघायचं तर गुडघ्यावर बसावं लागतं.

पाटीलताई उठली, पण चाळीकडं न जाता खोल्यांकडं गेली. आईला चार बाया धरून बसल्या होत्या. संध्याकाळपासून तिला तिथंच बसवून ठेवलं होतं, पाणी पाजत होत्या, धीर देत होत्या. मुलीचं नाव, वय, कपडे एवढं सोडून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"बाई, तुझी पोर दिवसभर कुठं खेळती?"

"कुत्रीची पिल्लं हायेत ना, चाळीखाली. दुपारी भाकर घेऊन जाती त्यांना."

भोवतालची माणसं गप्प झाली. पाटीलताईनं आवाज चढू न देता विचारलं, "मग तू हे सांगितलं का नाहीस?"

"मी मघाच म्हणले, चाळीकडं बघा. समदे म्हणले, तिथं बघून झालंय." तिनं पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, मोठ्या माणसांनी बघितलंय म्हणल्यावर नसंलच तिथं."

ती उठली. या वेळी तिला कुणी धरलं नाही. पाटीलताई, तात्या, एक हवालदार आणि दोन्ही मुलं तिच्यामागं गेली. कुत्री गुरगुरली. आईनं "ये ये" करून तिला बाजूला घेतलं. कुत्रीला तिची ओळख होती, भाकरी तिच्याच चुलीवरची. आई जमिनीवर पालथी झाली आणि तिनं पोरीला घरच्या नावानं हाक मारली. माणसं तासन्‌तास मोठमोठ्यानं ओरडत होती ते आधार कार्डावरचं नाव होतं.

पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला बारदान हललं.

पोरीच्या कोपराला नळीचा ओरखडा होता, बाकी काही नाही. पिल्लांच्या उबेत तिला झोप लागली होती. मध्ये जाग आली तेव्हा अनोळखी पुरुषांचा आरडाओरडा आणि बॅटऱ्यांचे झोत दिसले. तिला वाटलं, चाळीखाली शिरलो म्हणून मालक मारायला आलेत. मग ती आणखी आत सरकली आणि तोंडातून आवाज काढला नाही. हरवलेली लहान मुलं शोधणाऱ्यांपासूनच लपतात, हे पोलिसांना अनुभवानं माहीत असतं. आपल्याला माहीत असायला हवं. त्या रात्री थंडी अशी होती की पहाटे अडीचला आजूबाजूच्या बागांत मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या पेटायला लागल्या होत्या. कुत्री तिथं व्यालेली नसती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

तात्यांनी आधी मोटारी बंद करायला सांगितल्या. तळ्याचं पाणी तिसऱ्या हिश्शानं उतरलं होतं. मग ते ओट्यावर आले. पाटीलताई वहीत शेवटची नोंद करणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढं केला. "इकडं द्या. मी लिहितो."

त्यांनी कांदाचाळीची ओळ शोधली. तिथं 'बघितलं, रात्री साडेआठ' असं होतं. त्यांनी ते खोडलं नाही. शेजारच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून', आणि खाली सही केली.

थोरला मुलगा त्यांना समजावत होता, "तात्या, तुम्ही पाणी सोडलंत हो. आणखी काय करायचं माणसानं?"

"पाणी सोडताना सगळं गाव बघत होतं रे," तात्या म्हणाले. "चाळीखाली वाकताना कुणी बघणार नव्हतं."

उजाडल्यावर हवालदारानं आईचा जबाब घेतला, मुलीला दवाखान्यात नेऊन आणलं. टोळी त्या दिवशी कामावर गेली नाही आणि तात्यांनी त्या दिवसाची मजुरी कापली नाही. महिनाभरात त्यांच्या मळ्यात चाळींच्या खाली जाळी बसली, तळ्याच्या चारी बाजूंना दोर आणि ट्यूब बांधल्या गेल्या. हे बघून शेजारच्या तिघा-चौघांनीही केलं, बाकीच्यांनी अजून केलेलं नाही.

पुढच्या छाटणीला टोळी आली त्या संध्याकाळी तात्या स्वतः खोल्यांवर गेले. मुकादमाशी उचलीचं बोलण्याआधी ते बायांसमोर बसले आणि लेकरांची नावं लिहून घ्यायला लागले: घरात काय म्हणता, वय किती, खेळायला कुठं जातं. आयांचे मोबाइल नंबर ग्राम सुरक्षा यंत्रणेत घालण्यासाठी धाकट्या मुलाकडं दिले. टोळीत अकरा लेकरं निघाली. मुकादमानं सात सांगितली होती.